विजेता कोण, देश कोणता? बर्लिन १९३६ ची गोष्ट

लोकलच्या खडखडाटात ज्यांना मागचा एपिसोड नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी हा लिखित भाग. बोलताना निसटलेल्या दोन-चार गोष्टीही यात घातल्या आहेत. दहा मिनिटांचं वाचन आहे, चहा घेऊन बसा.

सुरुवात माझ्या फजितीपासून. मी पेशानं सॉफ्टवेअरवाला. शनिवार-रविवारी काहीतरी खटपट करायची खोड आहे, म्हणून ऑलिंपिकवर एक क्विझ ॲप बनवत होतो. डेटा तयार होता. रकाने चारच : वर्ष, खेळ, खेळाडू, देश. त्यावरून आपोआप प्रश्न बनवणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि लिंक ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. त्यात एक प्रश्न आला : '१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनचं सुवर्णपदक कोणत्या देशानं जिंकलं?' उत्तर : जपान.

आमच्या टीममध्ये दक्षिण कोरियाची एक सहकारी आहे. एरवी फार बोलत नाही. तिचा मेसेज आला, 'तुझं उत्तर रेकॉर्डप्रमाणे बरोबर आहे. पण पळणारा माणूस जपानी नव्हता.'

मला वाटलं, डेटात चूक असेल. तपासलं. चूक नव्हती. फाईलमध्ये विजेत्याचं नाव होतं सोन किटेई, देश जपान. मग रात्री दोनपर्यंत वाचत बसलो. त्या रात्रीतून हा एपिसोड निघाला.

तर मंडळी, त्या माणसाचं खरं नाव सोन की-जोंग. जन्म १९१२, गाव सिनुईजू, कोरियाच्या उत्तरेला. जपाननं १९१० मध्येच कोरिया गिळंकृत केला होता, म्हणजे हा मुलगा जन्मला तेव्हा त्याचा देश नकाशावरून पुसला गेला होता. पण पाय पुसता येत नाहीत. नोव्हेंबर १९३५ मध्ये टोकियोत त्यानं २ तास २६ मिनिटं ४२ सेकंदांत मॅरेथॉन पळून जागतिक विक्रम केला. बर्लिनला जायचं तर एकच दार होतं : जपानचा संघ. कोरियाची स्वतःची ऑलिंपिक समिती नव्हती, त्यामुळे कोरियाचा संघही नव्हता. नाव जपानी पद्धतीनं वाचलं गेलं, सोन किटेई. छातीवर लाल सूर्य आला.

९ ऑगस्ट १९३६. सोन २ तास २९ मिनिटं १९ सेकंदांत पहिला आला. ब्रिटनचा अर्नी हार्पर दुसरा. तिसरा आला नाम सुंग-योंग, तोही कोरियनच, तोही जपानच्या बनियनमध्ये.

पदकं देतानाचा फोटो बघा, इंटरनेटवर सहज सापडतो. दोघे कोरियन मान खाली घालून उभे आहेत. जपानचं राष्ट्रगीत वाजतंय. बर्लिनमध्ये सुवर्णविजेत्याला ओक वृक्षाचं एक रोपटं देत असत. सोननं ते छातीशी असं धरलंय की बनियनवरचा झेंडा झाकला जावा. नामकडे रोपटं नव्हतं, कारण ते फक्त पहिल्याला मिळायचं. त्याच्या छातीवरचा झेंडा स्पष्ट दिसतो.

जिंकल्याच्या क्षणी एखाद्याला आपली छाती झाकावीशी वाटते, या एका गोष्टीपाशी मी बराच वेळ थांबलो.

पुढे सोलमध्ये काय झालं? 'दोंग-आ इल्बो' या कोरियन वर्तमानपत्रानं २५ ऑगस्टला सोनचा फोटो छापला, पण छातीवरचा झेंडा पुसून. आजच्या भाषेत फोटोशॉप, फक्त हातानं केलेलं. जपानी सरकारनं पत्रकारांना अटक केली आणि पेपर सुमारे नऊ महिने बंद पाडला. एका बनियनवरच्या वीतभर चित्रासाठी एवढं सगळं! साम्राज्याला बरोबर कळत होतं की ते नुसतं चित्र नाहीये.

आता कॅमेरा जरा बाजूला वळवू. तेच शहर, तेच क्रीडासंकुल, सहाच दिवसांनंतर. १५ ऑगस्ट १९३६. हॉकीची फायनल, भारत विरुद्ध जर्मनी. सामना आदल्या दिवशी होता, पावसामुळे पुढे ढकलला गेला. आपली मंडळी तणावात होती, कारण स्पर्धेआधीच्या सराव सामन्यात याच जर्मनीनं आपल्याला ४-१ असं हरवलं होतं. त्या पराभवानंतर तातडीनं भारतातून अली दारा या खेळाडूला बोलावून घेतलं गेलं. हे नाव लक्षात ठेवा, पुन्हा येणार आहे.

आपलेही खेळाडू गुलामच होते की. उद्घाटनाच्या संचलनात ध्यानचंद यांच्या हातात झेंडा होता तो ब्रिटिश हिंदुस्थानचा, कोपऱ्यात युनियन जॅक असलेला. पण फायनलच्या आधी ड्रेसिंग रूममध्ये सहव्यवस्थापक पंकज गुप्ता यांनी बॅगेतून एक तिरंगा काढला. काँग्रेसचा, चरख्याचा. सगळ्यांनी त्याला वंदन केलं, प्रार्थना केली आणि मग मैदानात उतरले. ध्यानचंद यांनी स्वतःच्या आत्मचरित्रात हे लिहून ठेवलंय. ते स्वतः ब्रिटिशांच्या लष्करात नोकरीला होते, हे विसरू नका. मध्यंतराला आघाडी फक्त १-० होती. शेवटचा स्कोअर ८-१.

म्हणजे सहा दिवसांच्या अंतरानं दोन गुलाम देशांची माणसं सोनं जिंकली. एकानं झेंडा झाडाच्या रोपट्यामागे लपवला. दुसऱ्यांनी आपला झेंडा बंद दाराआड वंदला. दोघांचंही दुःख एकाच जातीचं. पण माझ्या डेटाच्या फाईलमध्ये दोन ओळी वेगळ्या दिसतात. सोनच्या ओळीत देश : जपान. हॉकीच्या ओळीत देश : भारत. ब्रिटन नाही, भारत!

हे कसं काय? इंग्रजांचं राज्य असताना आपलं नाव शाबूत कसं राहिलं?

याचं उत्तर शोधताना मी थेट पुण्यात येऊन पोचलो. पुणेकरांना 'डेक्कन' म्हटलं की बसथांबा आणि ट्रॅफिक आठवतो. पण त्या जागेचं नाव ज्या संस्थेवरून पडलं, त्या डेक्कन जिमखान्याचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा. १९१९ च्या सुमारास तिथल्या क्रीडास्पर्धांत त्यांनी खेड्यापाड्यांतले शेतकरी अनवाणी पळताना पाहिले. मैदान साधं, शिकवणारं कुणी नाही, तरी त्यांच्या वेळा युरोपातल्या धावपटूंच्या फार मागे नव्हत्या. दोराबजींनी ठरवलं, यांना ऑलिंपिकला पाठवायचं. मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज लॉईड यांची मदत घेतली, प्रवेश मिळवला, पैसे उभे केले. १९२० मध्ये बेल्जियममधल्या अँटवर्पला छोटासा संघ गेला. त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉनमध्ये एकोणिसावे आले. कुस्तीत रणधीर शिंदे चौथे आले, पदक थोडक्यात हुकलं. पुढे १९२७ मध्ये भारतीय ऑलिंपिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले.

यात इंग्रजांचा मोठेपणा फार शोधू नका. पहिल्या महायुद्धानंतर राष्ट्रसंघातही हिंदुस्थानला वेगळी खुर्ची मिळाली होती. साम्राज्याला ते सोयीचं होतं. जपाननं कोरियाला तशी कुठलीच खुर्ची दिली नाही. पण मिळालेल्या फटीत पाय घालून ठेवणारी माणसं आपल्याकडे होती, हे महत्त्वाचं. आम्हा कॉम्प्युटरवाल्यांच्या भाषेत सांगू? वेबसाईट तयार नसतानाही डोमेन नेम आधी घेऊन ठेवतात ना, तसं. देश अजून व्हायचा होता, पण 'भारत' हे नाव खेळाच्या नोंदवहीत सत्तावीस वर्षं आधी पडलं होतं.

आपण साधारण असं धरून चालतो की आधी देश असतो, मग त्याचा संघ. कितीदा तरी उलटं घडतं. आधी संघ येतो, लोक त्याच्यासाठी ओरडतात, आणि त्या ओरडण्यातून देश कसा दिसेल याची सवय होते. १९४८ चं लंडन ऑलिंपिक बघा. उद्घाटन २९ जुलैला झालं. उन्हाळी ऑलिंपिकमध्ये कोरियाचा संघ प्रथमच स्वतःच्या नावानं चालत होता आणि झेंडा कुणाच्या हातात? सोन की-जोंगच्या. गंमत म्हणजे दक्षिण कोरिया हे प्रजासत्ताक जाहीर झालं १५ ऑगस्टला, स्पर्धा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी. संघ देशाच्या आधी पोचला होता!

त्याच लंडनमध्ये १२ ऑगस्टला आपण हॉकीच्या फायनलमध्ये ब्रिटनला ४-० हरवलं. त्यांच्याच वेम्बलीवर. या वेळी तिरंगा बॅगेतून काढावा लागला नाही.

इथे एपिसोड संपवला असता तर तुम्ही खुश होऊन हेडफोन काढले असते. पण एक धागा राहिलाय. अली दारा.

बर्लिनच्या फायनलमध्ये ध्यानचंद यांच्याबरोबर खेळलेले दारा १९४८ मध्ये लंडनला पुन्हा आले, पाकिस्तानचे कर्णधार म्हणून. ड्रेसिंग रूममध्ये त्या तिरंग्यासमोर उभ्या राहिलेल्या माणसाच्या नावापुढचा देश बारा वर्षांत बदलला होता. लतीफ-उर-रहमान आणि अख्तर हुसेन यांची गोष्ट याहून अवघड. १९४८ ला भारताकडून सुवर्ण, १९५६ ला मेलबर्नमध्ये पाकिस्तानकडून रौप्य. तेही भारताकडून १-० हरून. तिकडे सोनचं जन्मगाव सिनुईजू फाळणीनंतर उत्तर कोरियात गेलं, आणि तो दक्षिणेचा नागरिक राहिला.

म्हणजे आपलं नाव शाबूत राहिलं याचा आनंद खराच आहे, पण त्या एका नावाखाली कोण कोण उभं होतं हे नाव सांगत नाही. देशाचा रकाना लहान असतो. माणसं त्यात पूर्ण मावत नाहीत.

आणि तो रकाना किती चिवट असतो, याचा एक किस्सा. बर्लिनच्या स्टेडियमवर विजेत्यांची नावं दगडात कोरलेली आहेत. १९७० मध्ये दक्षिण कोरियाचा एक खासदार रात्री छिन्नी-हातोडा घेऊन आत शिरला, सोनच्या नावापुढचं 'जपान' खोडलं आणि 'कोरिया' कोरलं. पुढे जर्मनांनी ते परत 'जपान' करून टाकलं. आजही अधिकृत नोंदीत ते पदक जपानच्याच खात्यावर आहे.

पण दगडाबाहेरही इतिहास चालू असतो. १९८८ मध्ये सोल ऑलिंपिकची ज्योत स्टेडियममध्ये घेऊन आला तो शहात्तर वर्षांचा सोन, उड्या मारत, लहान मुलासारखा. १९९२ मध्ये बार्सिलोनात मॅरेथॉन जिंकली दक्षिण कोरियाच्या ह्वांग यंग-चोनं. दुसरा आला जपानी धावपटू. तारीख होती ९ ऑगस्ट, बर्लिनच्या त्या शर्यतीला बरोबर छप्पन्न वर्षं झाली होती. सोन ते बघायला तिथे हजर होता. या वेळी विजेत्याला छाती झाकावी लागली नाही.

आता माझ्या ॲपचं काय केलं? आधी वाटलं, देशाच्या रकान्यात सरळ 'कोरिया' टाकावं. पण ते छिन्नी-हातोड्याचंच काम झालं असतं. तेव्हा कोरियाला संघ नव्हता, ही तर या गोष्टीतली सगळ्यात बोचरी बाब आहे. ती पुसून कसं चालेल? म्हणून रकाना तसाच ठेवला आणि प्रश्न बदलला. आता ॲप विचारतं : '१९३६ ची मॅरेथॉन कोणी जिंकली?' उत्तर : सोन की-जोंग. खाली दोन ओळींची टीप.

लिंक पुन्हा ग्रुपवर टाकली. सहकारीचा मेसेज आला, 'आता बरोबर आहे.' मग मिनिटभरानं दुसरा, 'तिसरा आलेला नाम पण घाल.'

घातला.

पुढच्या एपिसोडपर्यंत एक काम करा. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा, त्यांना आठवणारा पहिला 'आपला' संघ कोणता, आणि त्यात आपलं नेमकं काय वाटलं होतं. ऐकण्यासारखं काही मिळालं तर मला जरूर पाठवा.