गारांच्या आधीचे अकरा तास

2014 च्या फेब्रुवारीअखेरपासून मार्चच्या मध्यापर्यंत महाराष्ट्रावर गारा पडत राहिल्या. राज्यात तेव्हा 35 जिल्हे होते. त्यांतल्या 28 जिल्ह्यांत पिकं गेली. लातूर जिल्ह्याला फार मोठा फटका बसला. हा घटनाक्रम त्या पंधरवड्यातल्या एका दिवसाचा, निलंगा तालुक्यातल्या आमच्या घरच्या दोन एकर द्राक्षबागेचा आहे. पण घड्याळाकडे वळण्याआधी पाच महिने मागं जावं लागेल.

ऑक्टोबर

थंड मुलखातली द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपी जाते. आपल्याकडे ती झोपत नाही, म्हणून वर्षातून दोनदा छाटावी लागते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार व्हायला. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, फळासाठी. निलंगा बालाघाटच्या पठारावर, पाच-सहाशे मीटर उंचीवर. इथं डिसेंबर-जानेवारीतल्या रात्री गार असतात आणि दिवसा ऊन कडक. दिवसाच्या उन्हानं मण्यात साखर भरते, रात्रीच्या गारव्यानं आंबटपणा टिकतो. नाशिककडे वाइनसाठी शेनिन ब्लाँ आणि शिराझ लावतात, तेही याच हिशेबावर.

गोडी छाटणी ऑक्टोबरच्या मध्यावर झाली, की तिथून 135-140 दिवसांनी, म्हणजे मार्चच्या पहिल्या आठवड्यात, माल तयार. मराठवाड्यात गारांचा मोसमही तेव्हाच उघडतो. छाटणी महिनाभर आधी घ्यावी, तर परतीच्या पावसात फुलोरा सापडतो आणि केवडा रोग घडच्या घड खाऊन टाकतो. पाऊस चुकवायला छाटणी पुढं ढकलायची आणि गारांच्या तोंडी जायचं, एवढीच निवड बागायतदाराच्या हातात असते. उघड्या आभाळाखाली द्राक्ष करणाऱ्या प्रत्येकाचं हे असंच आहे.

पहाटे 5:30 (अकरा तास बाकी)

आण्णा, माझे वडील, बागेत गेले ते अंगात स्वेटर न घालता. आदल्या आठवड्यापर्यंत या वेळी हुडहुडी भरायची. त्या दिवशी हवा चिकट होती आणि वारं आग्नेयेकडून येत होतं. "वारं फिरलंय रे," एवढंच ते म्हणाले. बंगालच्या उपसागरावरची ओल घेऊन आलेला हा वारा जमिनीलगत पसरतो. त्याच्यावर, काही किलोमीटर उंचीवरून, उत्तरेची कोरडी थंड हवा सरकत असते. खाली दमट, वर गार. आता फक्त उन्हानं जमीन तापायची बाकी होती.

सकाळी 8:00

बागेच्या चार कोपऱ्यांतले आणि मधले मणी तोडून आण्णांनी एकेकाचा थेंब रिफ्रॅक्टोमीटरच्या काचेवर टाकला. साखर 19 ब्रिक्स. माल तयार. सोनाका जातीची बाग ही. सोलापूरजवळच्या नान्नजला नानासाहेब काळे यांनी निवडून काढलेली, लांब मण्याची. मणी उन्हाकडे धरला की आतली शीर दिसत होती, इतकी साल पातळ झालेली. द्राक्ष ज्या दिवशी सगळ्यात गोड असतं, त्याच दिवशी ते सगळ्यात नाजूक असतं. जानेवारीत हिरव्या, टणक मण्यांवर बारीक गारा पडल्या असत्या तर काही मण्यांवर डाग पडून भागलं असतं. आता टाचणी लागली तरी रस गळणार होता.

व्यापाऱ्याचा फोन आला. "आण्णा, टेम्पो उद्या सकाळी लावतो. तुम्ही टोळी सांगून ठेवा." सौदा झालेला होता, भाव ठरलेला होता.

सकाळी 11:00

मराठवाड्यात तुरळक ठिकाणी विजा, वादळी वारा आणि गारांची शक्यता, असा हवामान खात्याचा इशारा होता. मराठवाडा म्हणजे आठ जिल्हे, 64 हजार चौरस किलोमीटरहून मोठा मुलूख. गारांचा पट्टा असतो काही किलोमीटर रुंद. त्या वेळी निलंग्याला जवळचं डॉप्लर रडार हैदराबादला, सुमारे 200 किलोमीटरवर. पृथ्वीच्या गोलाईमुळं इतक्या लांबून रडारचा झोत जमिनीपासून काही किलोमीटर उंचावरूनच जातो. खाली काय शिजतंय ते त्याला नीट दिसत नाही.

या तासाबद्दल मला आजही तळमळ वाटते. वीस बायकांची टोळी दिवसभरात दोन-अडीच टन माल काढून क्रेटमध्ये भरते. अकरा वाजता कुणी खात्रीनं सांगितलं असतं, की निलंगा तालुक्याच्या या भागात आज दुपारनंतर गार आहे, तर अर्ध्या गावाच्या बाया जमल्या असत्या. सगळी बाग निघाली नसती, पण टेम्पोभर तरी माल घरात आला असता. असा इशारा मिळणं आणि न मिळणं यात एका घराच्या वर्षाचा फरक असतो.

दुपारी 1:00

ऊन असं, की डोळे उघडवेनात. पश्चिमेला, किल्लारीच्या अंगाला, पांढऱ्या ढगांची पहिली रास दिसली. तिच्या कडा अजून स्पष्ट, कातरल्यासारख्या होत्या. शेजारच्या रानात ज्वारीची काढणी चालू होती.

दुपारी 2:30

ढगाचा बुडखा काळा पडला आणि माथा पसरू लागला. अशा ढगाचा माथा बारा-पंधरा किलोमीटरवर जातो. त्याच्या पोटात पाणी शून्याच्या खाली जाऊनही द्रवच राहतं; बर्फाचा कण भेटला की त्यावर गोठतं. वर जाणारा झोत जोरदार असेल तितका वेळ तो कण वरच तरंगत राहतो आणि थरावर थर चढत जातात. वजन झोताला पेलेनासं झालं की तो सुटतो. मार्चमध्ये आपल्याकडे गोठणबिंदूची पातळी साधारण चार किलोमीटरवर असते. त्याखाली येताना गार वितळते. पण जमीनच उंचावर असेल, तर वितळायला अंतर तेवढं कमी मिळतं.

उंचावरच्या द्राक्षमुलखांना हे जगभर भोगावं लागतं. अर्जेंटिनातलं मेंदोसा अँडीजच्या पायथ्याशी, बहुतेक मळे समुद्रसपाटीपासून 600 ते 1,100 मीटरवर आणि काही त्याहूनही उंच. तिथली हवा कोरडी, रात्री गार, वाइन नावाजलेली. आणि मोठा वैरी गारच. म्हणून तिथं मैलोन्‌मैल वेलींवर जाळ्या टाकलेल्या असतात. आणि हे फक्त उंचावरच होतं असं नाही; फ्रान्समधल्या बरगंडीत त्याच 2014 च्या जून महिन्यात पोमार आणि व्होलनेच्या मळ्यांवर गारा पडल्या, सलग तिसऱ्या वर्षी. आमच्या बागेवर जाळी नव्हती. तालुक्यात मला तेव्हा ती कुठंच दिसली नव्हती. आच्छादनाला एकरी काही लाख लागतात आणि बँक बागेला जे कर्ज देते ते खत, औषध, मजुरीतच संपतं.

दुपारी 3:45

वारं पडलं. पान हलेना. घडांवर दिवसभर घोंघावणाऱ्या गांधीलमाश्या दिसेनाशा झाल्या. ज्वारीतल्या बायका विळे घेऊन गावाकडं निघाल्या, त्यांच्यातल्या मुकादम मावशी बांधावर थांबून म्हणाल्या, "आण्णा, घरी चला, हे काही बरं दिसंना." आण्णा गेले नाहीत. ते मांडवाच्या कडेच्या खांबांचे ताण तपासत होते, सैल तारा आवळत होते. गारेपुढं त्याचा उपयोग नव्हता, पण वाऱ्यापुढं होता.

दुपारी 4:15

आधी धूळ आली. मग गार वारं, फ्रीजचं दार उघडावं तसं. मांडवाच्या वाय आकाराच्या अँगलवरच्या तारा वाजायला लागल्या. माल भरलेल्या मांडवावर एकरी दहा-बारा टन वजन असतं. एक खांब कलला, की ओळच्या ओळ बसते. पूर्वेकडच्या दोन ओळी इथंच बसल्या.

दुपारी 4:30

पहिली गार पाण्याच्या टाकीच्या पत्र्यावर पडली. मग बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. बोराएवढी गार ताशी 40 किलोमीटरच्या आसपास वेगानं येते, लिंबाएवढी 60 च्या. पानं पहिल्या पाच मिनिटांत फाटली. त्यानंतर घड उघडे पडले.

सारं मिळून वीस मिनिटं.

संध्याकाळी 6:00

ओळींमधल्या सरीत गारांचा घोटाभर थर आणि त्यात रस मिसळलेला. बागेत उसाच्या गुऱ्हाळासारखा गोड वास सुटला होता. घड वेलीला तसेच लटकत होते, पण हातात घेतला तर निम्मे मणी फुटलेले आणि उरलेल्यांवर काळसर ठिपके. असा माल व्यापारी घेत नाही. बेदाण्यालाही चालत नाही. फुटलेल्या मण्याला दोन दिवसांत बुरशी लागते आणि ती शेजारच्या चांगल्या मण्यात उतरते. आण्णा घड बघत नव्हते. ते ओलांड्यांवरून, म्हणजे वेलीच्या आडव्या फांद्यांवरून, आणि खोडांवरून बोट फिरवत होते. साल जिथं सोलली होती, तिथं पांढरं लाकूड दिसत होतं. यंदाचं पीक गेलं हे सगळ्यांना कळलं होतं. पुढच्या वर्षाचं किती गेलं, ते त्या जखमा मोजून कळणार होतं.

रात्री साडेआठला टेम्पोवाल्याला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं.

त्यानंतर

दुसऱ्या दिवशी फुटके घड उतरवून बागेबाहेर नेले, मोडक्या काड्या कापल्या, जखमांवर बोर्डो मिश्रण मारलं. त्याची मजुरी वेगळी द्यावी लागली. तलाठी आणि कृषी सहायक पंचनाम्याला आले. 5 मार्चला लोकसभा निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली होती, त्यामुळं मदतीच्या निर्णयाचा रस्ता निवडणूक आयोगाच्या दारातून जात होता. शेवटी ठरलं ते असं: कोरडवाहूला हेक्टरी 10 हजार, बागायतीला 15 हजार, फळबागेला 25 हजार, दोन हेक्टरच्या मर्यादेत. फळबागेचा आकडा एकराला 10 हजार पडतो. द्राक्षाच्या एका हंगामाला तेव्हा एकरी दीड-दोन लाख घालावे लागत. मदत करणाऱ्यांच्या हेतूवर मला शंका नाही, पण द्राक्षबागेचा खर्च कुणीतरी कागदावर मांडून बघायला हवा होता. आणि मदतीच्या आधी, एकदाच, जाळीसाठी पैसा द्यायला हवा होता.

एप्रिल लागला. वेलीला पीक गेल्याचं कारण चालत नाही. खरड छाटणी वेळेवर झाली नाही तर काडी पिकत नाही आणि पुढच्या ऑक्टोबरला घडच सुटत नाही. त्या छाटणीसाठी, खतासाठी, बसलेल्या दोन ओळींच्या नव्या खांबांसाठी पैसा उभा करायचा होता. आमच्या शिवारातल्या काही घरांनी त्या महिन्यात वेली उपटून सोयाबीनला रान मोकळं केलं. आण्णांनी आईच्या पाटल्या गहाण टाकल्या आणि छाटणी धरली.