निकाल शंभर टक्के

दहावीचा निकाल लागला की पुण्यातल्या शाळांच्या फाटकांवर फ्लेक्स चढतात. 'यशाची उज्ज्वल परंपरा कायम', खाली पासपोर्ट आकाराचे फोटो, प्रत्येक फोटोखाली टक्के, आणि सगळ्यांत वर ठळक आकड्यांत शाळेचा एकूण निकाल. तो बहुतेक वेळा शंभर टक्के असतो. शंभर नसेल तर आकडा लहान अक्षरांत असतो, किंवा नसतोच. ज्यांचं पोर चौथीतून पाचवीत जाणार आहे ते पालक हे फ्लेक्स थांबून वाचतात. मग सोसायटीच्या बाकावर तुलना सुरू होते. या शाळेत अभ्यास जास्त घेतात, त्या शाळेत शिस्त कडक आहे, तिसरीत खेळांवर भर आहे, "पण निकालाचं काय?"

चार-पाच वर्षांपूर्वी याच बाकावर एक वडील गप्प बसलेले पाहिले होते. त्यांचा मुलगा नववीत होता. शाळेने त्यांना बोलावून सांगितलं होतं की तुमचा मुलगा दहावीला आमच्याकडे टिकायचा नाही. नववीत नापास करावं लागेल. त्यापेक्षा दाखला काढून न्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. वर्ष वाया जाणार नाही. सांगणारे शिक्षक वाईट माणूस नव्हते, समजुतीच्या सुरातच बोलले. पुढच्या वर्षी त्या शाळेच्या फाटकावर नेहमीसारखा फ्लेक्स लागला. निकाल शंभर टक्के.

शाळेत न जाता खाजगीरीत्या दहावीला बसणाऱ्याने बोर्डाकडे भरायचा अर्ज म्हणजे 'फॉर्म नंबर १७'. शाळा सुटलेल्यांना, कामाला लागलेल्यांना, लग्न होऊन शिक्षण थांबलेल्या बायकांना पुन्हा परीक्षेला बसता यावं यासाठीची ही चांगली सोय. खाजगी विद्यार्थ्यांचा निकाल बोर्ड वेगळा धरतं. त्यामुळे नववीत दाखला घेऊन गेलेला मुलगा पास होवो की नापास, जुन्या शाळेच्या टक्केवारीला त्याचा धक्का लागत नाही. हा नियमातला अपघात वाटेल, पण शाळेची किंमत टक्क्यांत करायची सवय पुण्याला दीडशे वर्षांची आहे आणि ही पळवाटही जवळजवळ तेवढीच जुनी आहे.

मॅट्रिकचं माप

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं आणि १८५९ साली त्याची पहिली प्रवेश परीक्षा झाली. पहिल्याच वर्षी उत्तीर्ण झालेल्या मोजक्या मुलांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. ही परीक्षा म्हणजेच मॅट्रिक. नावाप्रमाणे ती विद्यापीठाच्या दारातली चाचणी. कॉलेजात शिकवलेलं समजण्याइतकी तयारी मुलाची आहे की नाही, एवढंच तिने तपासायचं होतं. पण लोकांनी तिचा अर्थ फार लवकर बदलून टाकला. सरकारी कचेरीत, शाळेत, पुढे रेल्वेत चिकटायचं तर मॅट्रिक हवं, आणि मॅट्रिक झालेला मुलगा म्हणजे घराला आधार. ज्यांना कॉलेजात कधीच जायचं नव्हतं अशी हजारो मुलं कॉलेजच्या प्रवेश परीक्षेची तयारी करू लागली.

त्याआधी पंतोजी चांगला की वाईट हे गावाला अनुभवाने कळत असे. आता एकच प्रश्नपत्रिका, एकच तपासणी आणि निकाल छापील. दोन शाळा शेजारी ठेवून बघायला पहिल्यांदाच एक माप मिळालं. सरकारनेही तेच वापरलं. मुंबई इलाख्यात खाजगी शाळांना अनुदान देण्याची एक पद्धत निकालावर आधारलेली होती. इन्स्पेक्टर येऊन मुलांची परीक्षा घेई आणि किती मुलं किती विषयांत उतरली त्यावर शाळेची रक्कम ठरे. पास होणारं पोर म्हणजे उत्पन्न, न होणारं पोर म्हणजे तोटा, ही जाणीव शाळांच्या हिशेबात अशी पहिल्यापासून शिरली.

माप मिळालं तरी तुलना करायला एकाहून जास्त शाळा लागतात. त्या पुण्याला १८६० ते १८८५ या पंचवीस वर्षांत मिळाल्या. सरकारी हायस्कूल होतंच. १८६० साली पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशन निघाली, तीच पुढे भावे स्कूल म्हणून ओळखली गेली. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि टिळक यांनी न्यू इंग्लिश स्कूल काढलं. लवकरच वामन शिवराम आपटे आणि आगरकर त्यांना येऊन मिळाले. १८८३ साली नूतन मराठी विद्यालय आलं. पेठांतल्या मुलाला यांतली कुठलीही शाळा पायी गाठता येत होती. कोकणातून किंवा देशावरच्या खेड्यातून मुलाला पुण्याला धाडणारे, त्याची जेवणाची सोय वार लावून किंवा माधुकरीवर करणारे वडील मात्र शाळा बघायला येऊ शकत नसत. त्यांच्या हाती शाळेचं नाव आणि निकाल एवढंच होतं.

न्यू इंग्लिश स्कूलची गोष्ट इथे फार बोलकी आहे. चिपळूणकरांनी सरकारी नोकरी सोडली होती आणि बरोबरचे तरुण नोकरीच्या वाटेलाच गेले नव्हते. शाळा काढण्यामागे स्वदेशाचा अभिमान बाळगणारी पिढी घडवायची ईर्षा होती. सुरुवातीला सरकारी अनुदान घ्यायचं नाही असंही ठरलेलं होतं. हे सारं पालकांना पटलं असेल, नाही असं नाही. पण शाळेचा पट पहिल्या पाच वर्षांत हजाराच्या घरात गेला तो केवळ अभिमानाने नाही. फी इतरांपेक्षा कमी होती, आणि मॅट्रिकच्या परीक्षेत संस्कृतसाठी मिळणारी मानाची जगन्नाथ शंकरशेठ शिष्यवृत्ती या नव्या शाळेच्या मुलांनी पहिल्या काही वर्षांतच पटकावली. संस्थापकांची मुलांकडून एक अपेक्षा होती, पालकांची दुसरी, आणि शाळा चालली ती दुसरीवर. राष्ट्रीय शिक्षणाचा प्रयोगसुद्धा पालकांनी परक्या विद्यापीठाच्या परीक्षेनेच जोखला.

'फॉर्म अडला'

शंभरेक वर्षांपूर्वीच्या पिढीच्या बोलण्यात एक वाक्य हमखास यायचं: "त्याचा मॅट्रिकचा फॉर्म अडला." मुलाला परीक्षेला पाठवायचं की नाही हे हेडमास्तरांच्या हाती असे. आधी शाळेची पूर्वपरीक्षा व्हायची. तीत कच्चा ठरलेल्याचा फॉर्म शाळा पाठवत नसे. कारण पटण्यासारखं होतं: परीक्षेची फी गरीब घराला जड, नापास झाला तर ती पाण्यात, मग आणखी एक वर्ष पक्कं करून पाठवलेलं काय वाईट? अनेक हेडमास्तर खरोखर याच काळजीने फॉर्म अडवत.

पण याच अडवण्याचा दुसरा फायदाही होता. समजा दोन शाळांत मॅट्रिकच्या वर्गात चाळीस-चाळीस मुलं आहेत. पहिली शाळा चाळीसही पाठवते, त्यांतली तीस पास होतात. निकाल पंचाहत्तर टक्के. दुसरी दहा जणांचे फॉर्म अडवते, तीस पाठवते, सत्तावीस पास होतात. निकाल नव्वद टक्के. वर्तमानपत्रात दुसरी शाळा उजवी, पेठेत तिचं नाव मोठं, पुढच्या वर्षी हुशार मुलांची रांग तिच्याच दारात. प्रत्यक्षात पहिलीतून तीन मुलं जास्त मॅट्रिक झाली. टक्केवारीत भाजक कोणता धरला हे फ्लेक्सवर लिहीत नाहीत, तेव्हाही लिहीत नव्हते.

आणि एकदा रांग लागली की शिकवण्याची गरजही थोडी कमी होते. चांगल्या शाळेत चांगली मुलं येतात, म्हणून शाळा चांगली ठरते, म्हणून आणखी चांगली मुलं येतात. शाळेने मुलाचं काय केलं आणि मुलाने येतानाच काय आणलं होतं, हे निकालातून वेगळं काढता येत नाही. काही शिक्षकांनी जीव ओतून शिकवलं याबद्दल दुमत नाही. पण आकडा त्यांची साक्ष देत नाही. तो दोन्हींची बेरीज सांगतो.

मापाबाहेरची मुलं

ही तुलना ज्यांच्या वाट्यालाच आली नाही त्यांच्याकडे पाहिलं की तिचा आणखी एक पैलू दिसतो. २९ सप्टेंबर १८८४ रोजी रानडे, भांडारकर आदींच्या पुढाकाराने मुलींचं हायस्कूल निघालं, आपण त्याला हुजूरपागा म्हणून ओळखतो. तिथे प्रश्न कुठली शाळा चांगली असा नव्हता, शाळा की घर असा होता. मुलींना अकरा ते पाच शाळेत अडकवून ठेवलं तर घरकाम कोण शिकवणार, इंग्रजी शिकून त्यांना करायचंय काय, असे आक्षेप टिळकांनी १८८७ च्या सुमाराला 'मराठा' पत्रातून घेतले. मुलांच्या शाळेकडून मॅट्रिकच्या निकालाची अपेक्षा धरणारा तोच समाज मुलींच्या शाळेकडून अपेक्षा धरत होता ती मुलगी फार शिकू नये याची. कमी अपेक्षा हाही एक जाच असतो, हे हुजूरपागेच्या पहिल्या पिढ्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

त्याच्या दोन वर्षं आधी, १८८२ साली, जोतीराव फुल्यांनी हंटर कमिशनपुढे निवेदन दिलं. सरकारी तिजोरी भरते ती रयतेच्या कष्टांतून, आणि शिक्षणावरचा खर्च मात्र वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणाकडे जातो, हे त्यांचं म्हणणं होतं. बारा वर्षांपर्यंतचं प्राथमिक शिक्षण सक्तीचं करा, ही त्यांची मागणी होती. पेठांतल्या शाळा एकमेकींशी निकालाची स्पर्धा करत असताना फुले भाजकच बदलायला सांगत होते: वर्गात बसलेल्या मुलांत किती पास झाली हे नंतर पाहू, गावातल्या एकूण मुलांत वर्गापर्यंत पोचली किती?

भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था सुरू केली ती याच प्रश्नाच्या रोखाने. साताऱ्याच्या वसतिगृहात वेगवेगळ्या जातींची मुलं एकत्र राहिली, एकत्र जेवली. १९४० साली साताऱ्यात महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं, त्यात 'कमवा आणि शिका' हे तत्त्व होतं. विद्यार्थ्याकडून अपेक्षा तिथेही होती, चांगली दणकट. शेतात काम करा, विहीर खणा, दगड फोडा आणि शिका. फरक एवढाच की ही अपेक्षा पुरी करायला आधीची हुशारी लागत नव्हती. अपेक्षा आत आल्यावर सुरू होत होती, दारात चाळणी म्हणून उभी नव्हती.

बोर्डात येणं

स्वातंत्र्यानंतर मॅट्रिक विद्यापीठाकडून मंडळाकडे आली. १९४९ साली मुंबई राज्यात पहिली एसएससी झाली. अकरावीची ती परीक्षा १९७५ पासून दहावीला आली. या काळात मध्यमवर्गाच्या शब्दकोशात 'बोर्डात येणं' हा वाक्प्रचार रुजला. गुणवत्ता यादीत आलेल्या मुलाचा पेढा भरवतानाचा फोटो छापला जाई आणि त्याखाली शाळेचं नाव. एका मुलाच्या दोन-चार मार्कांवर शाळेची वर्षभराची अब्रू ठरू लागली. यादीचा ताण फार वाढला म्हणून मंडळाने पुढे ती बंद केली. तिची जागा फ्लेक्सने घेतली.

पुण्यात याच काळात ज्ञानप्रबोधिनीने १९६९ साली प्रशाला काढली, बुद्धिमत्तेची चाचणी घेऊन मुलं निवडणारी. तिच्यावर निवडकपणाची टीका झाली, आजही होते. मात्र आम्ही निवडून घेतो हे ती शाळा उघड सांगत होती. बाकीच्या अनेक शाळा निवडतही होत्या आणि निकाल शिकवण्याचा म्हणून मिरवतही होत्या.

शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रवेशाच्या वेळी मुलाची किंवा आईबापांची चाळणी लावायला त्याने बंदी घातली आणि आठवीपर्यंत कुणाला नापास करायचं नाही असं ठरवलं. नापास न करण्याची अट नंतर पाचवी आणि आठवीपुरती सैल झाली. हेतू योग्यच होता. पण निकालाचं माप तसंच राहिलं आणि चाळणी तेवढी सरकली. पूर्वी ती मॅट्रिकच्या फॉर्मपाशी होती, मग प्रवेशाच्या मुलाखतीत आली, आता ती नववीत आहे. माप हलत नाही तोवर चाळणी कुठेतरी लागणारच. शाळांना नुसता दोष देऊनही भागत नाही, कारण ब्याण्णव टक्क्यांचा फ्लेक्स पाहून पुढे जाणारे आणि शंभर टक्क्यांपाशी थांबणारे आपणच आहोत.

त्या मुलाने सतरा नंबरचा फॉर्म भरला. वर्षभर त्याला वर्ग नव्हता, मित्र नव्हते, गॅदरिंग नव्हतं, निरोप समारंभही नव्हता. परीक्षेला तो एका अनोळखी शाळेत जाऊन बसला आणि बावन्न टक्क्यांनी पास झाला. म्हणजे त्याला वर्गात ठेवलं असतं तरी शाळेचा निकाल शंभरच राहिला असता. वडिलांनी हे एकदा बोलून दाखवलं, रागाने नाही, हिशेब सांगितल्यासारखं.

तेव्हापासून बाकावर कुणी शाळांबद्दल विचारलं की मी एवढंच सांगतो: निकाल विचारा, पण त्याच्या जोडीला आणखी एक प्रश्न विचारा. या वर्षी जी मुलं दहावीला बसली, ती पाचवीत होती तेव्हा त्या तुकडीत किती जण होते? बाकीचे कुठे गेले? काही गाव सोडून गेले असतील, काहींनी माध्यम बदललं असेल. ज्या शाळेला प्रत्येक मुलाचं उत्तर माहीत असेल आणि जी ते न अडखळता देईल, तिचा निकाल ब्याण्णव टक्के असला तरी माझ्या मते तिथे पोराला घालायला हरकत नाही.