लिंकन कॉन्टिनेन्टल : आलिशान मोटारीची आठ दशके

अमेरिकेतील फोर्ड मोटर कंपनीने जुलै २०२० मध्ये लिंकन कॉन्टिनेन्टल या आलिशान मोटारीचे उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला. त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर मिशिगन राज्यातील फ्लॅट रॉक येथील कारखान्यातून या नावाची शेवटची मोटार बाहेर पडली. हे नाव इतिहासजमा होण्याची ही पहिली वेळ मात्र नव्हती.

या मोटारीचा जन्म एका हौसेतून झाला. कंपनीचे संस्थापक हेन्री फोर्ड यांचे पुत्र एडसेल यांना युरोपीय मोटारींच्या देखणेपणाचे आकर्षण होते. फ्लोरिडातील सुटीत वापरण्यासाठी त्यांनी १९३९ मध्ये कंपनीचे डिझायनर यूजीन ग्रेगरी यांच्याकडून एक खास मोटार तयार करून घेतली. लांबलचक बॉनेट, बसकी बांधणी आणि डिकीच्या मागे बाहेरून बसविलेली स्टेपनी ही तिची वैशिष्ट्ये होती. फ्लोरिडातील धनिक मंडळींनी तशाच मोटारीसाठी एडसेल यांच्याकडे मागणी सुरू केली आणि कंपनीने ती बाजारात आणण्याचे ठरविले. युरोप खंडाची आठवण करून देणारे 'कॉन्टिनेन्टल' हे नाव तिला त्यातूनच मिळाले. मात्र १९४२ मध्ये युद्धामुळे उत्पादन थांबले आणि पुढच्याच वर्षी, वयाच्या ४९ व्या वर्षी, एडसेल यांचे निधन झाले. युद्धानंतर पुन्हा सुरू झालेले उत्पादन १९४८ मध्ये बंद पडले, तोवर जेमतेम पाच हजारांच्या आसपास मोटारी तयार झाल्या होत्या. तरीही न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने १९५१ मध्ये मोटारींच्या कलात्मक रचनेचे प्रदर्शन भरविले, तेव्हा निवडलेल्या आठ मोटारींमध्ये १९४१ च्या कॉन्टिनेन्टलचा समावेश होता.

१९५६ च्या मॉडेलवर्षात आलेल्या 'मार्क टू'ची किंमत दहा हजार डॉलरच्या घरात होती. एवढी किंमत घेऊनही कंपनीला प्रत्येक मोटारीमागे तोटाच सोसावा लागला आणि दोन वर्षांत ती बंद झाली. १९५८ चे मॉडेल तर सुमारे ५.८ मीटर लांबीचे, अवजड आणि नक्षीकामाने भरलेले होते. ग्राहकांनी त्याकडे पाठ फिरविली. लिंकनचा तोटा वाढत गेला आणि हा विभागच बंद करावा, असा विचार कंपनीत सुरू झाला.

कॉन्टिनेन्टलच्या इतिहासातील सर्वात महत्त्वाचा प्रसंग याच वेळी घडला. एल्वुड एंगल या डिझायनरने थंडरबर्ड या मोटारीसाठी मातीची एक प्रतिकृती तयार केली होती. कंपनीचे वरिष्ठ अधिकारी रॉबर्ट मॅकनामारा यांच्या ती नजरेस पडली. तिला चार दरवाजे देता आले तर हीच नवी कॉन्टिनेन्टल होईल, असे त्यांनी सुचविले. सरळ रेषांची, क्रोमचा झगमगाट टाळलेली ही सेदान १९६१ च्या मॉडेलवर्षात बाजारात आली. आधीच्या मोटारीपेक्षा ती सुमारे ४० सेंटिमीटर आखूड होती. आखूडपणामुळे मागच्या आसनावरून उतरताना पाय दरवाजाला अडत, म्हणून मागील दरवाजांची बिजागरे मागच्या बाजूस बसविण्यात आली. अडचणीतून निघालेली ही युक्तीच पुढे या मोटारीची ओळख ठरली. दोन वर्षे किंवा २४ हजार मैलांची हमी हीदेखील त्या काळी मोठी गोष्ट होती. पहिल्या वर्षी सुमारे २५ हजार मोटारी विकल्या गेल्या. प्रतिस्पर्धी कॅडिलॅकचा खप याच्या कितीतरी पट होता, पण लिंकन वाचली.

मॅकनामारा १९६१ मध्येच अध्यक्ष जॉन केनेडी यांचे संरक्षणमंत्री झाले आणि त्याच वर्षी एक कॉन्टिनेन्टलही व्हाइट हाऊसच्या सेवेत रुजू झाली. सिनसिनाटी येथील हेस अँड आयझेनहार्ट कंपनीने लांबी वाढवून दिलेली ही उघडी मोटार फोर्डने सरकारला वर्षाला ५०० डॉलर भाड्याने दिली होती. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डल्लास येथे केनेडींची हत्या झाली ती याच मोटारीत. त्यानंतर ती मोडीत काढण्यात आली असावी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात चिलखती पत्रे आणि कायमचे छत बसवून ती पुन्हा वापरात आणली गेली आणि १९७७ पर्यंत नंतरच्या अध्यक्षांनीही तिचा उपयोग केला. सध्या ती डिअरबॉर्न येथील हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे.

सत्तरच्या दशकात कॉन्टिनेन्टल पुन्हा फुगली. १९७३ च्या तेलटंचाईनंतरही तिची लांबी वाढतच राहिली आणि दशकाच्या अखेरीस ती ५.९ मीटरवर गेली. इंधनाचा वाढता खर्च आणि सरकारी नियम यांमुळे १९८० पासून आकाराला कात्री लागली. १९८१ मध्ये मोठी सेदान 'टाऊन कार' या नावाने वेगळी झाली आणि कॉन्टिनेन्टल हे नाव १९८२ पासून लहान मोटारीला मिळाले. १९८८ ची कॉन्टिनेन्टल तर फोर्ड टॉरसच्या सांगाड्यावर बेतलेली, पुढील चाकांना गती देणारी मोटार होती. या काळातील मोटारी वाईट नव्हत्या, पण त्यांच्यात वेगळेपण उरले नव्हते. २००२ मध्ये हे नाव दुसऱ्यांदा बंद झाले.

२०१६ मध्ये कंपनीने ते पुन्हा आणले. तोवर अमेरिकी ग्राहक एसयूव्हीकडे वळला होता आणि नव्या सेदानचा खप लवकरच घसरू लागला. ८० व्या वर्षानिमित्त २०१९ मध्ये मागे बिजागरे असलेल्या दरवाजांच्या फक्त ८० मोटारी काढण्यात आल्या. एक लाख डॉलरहून अधिक किंमत असूनही त्या हातोहात संपल्या. साध्या दरवाजांच्या कॉन्टिनेन्टलना मात्र गिऱ्हाईक मिळेना.