प्रोसेसरच्या अंशांची कुळकथा

नवा संगणक जोडून पहिल्यांदा सुरू केला, बायोस उघडले आणि प्रोसेसरच्या नावापुढे ८५ अंश दिसले, की पोटात गोळा येतो आणि हात कूलरच्या स्क्रूंकडे जातो. कधी कधी ते बरोबरच असते. पण स्क्रू सोडवण्याआधी या आकड्याचे कूळ विचारायला हवे. तो जन्माला आला प्रोसेसर जळू नये आणि पंखा वेळेवर फिरावा यासाठी. तापमान सांगण्याचे काम त्याच्या गळ्यात नंतर पडले. आजचे बरेचसे विचित्र आकडे या जन्मकथेतूनच उलगडतात.

नव्वदच्या दशकात अनेक मदरबोर्डांवर सॉकेटच्या मधल्या पोकळीत एक बारीकसा थर्मिस्टर उभा असे. तो प्रोसेसरच्या पोटाला खालून टेकला तर टेकला, नाहीतर तिथली कोंडलेली हवाच मोजत बसे. पुढे प्रोसेसरच्या सिलिकॉनमध्येच डायोड आला. तापमान एका अंशाने वाढले की त्यावरचा व्होल्टेज साधारण दोन मिलिव्होल्टने घटतो. एवढा क्षीण संकेत वाचायचा मदरबोर्डवरच्या वेगळ्या चिपने, त्यामुळे एकच प्रोसेसर दोन बोर्डांवर दोन आकडे दाखवी. नुसते वाचन पुरेसे नाही, हे २००१ मध्ये ‘टॉम्स हार्डवेअर’ या संकेतस्थळाने चालू प्रोसेसरांवरचे हीटसिंक उचलून दाखवले. पेंटियम ४ ने स्वतःचा वेग कमी केला आणि तो तगला, १.४ गिगाहर्ट्झच्या अ‍ॅथलॉनमधून मात्र बघता बघता धूर निघाला. इशारा आणि त्यावरची कृती, दोन्ही चिपच्या आतच हवीत, हे त्यानंतर कुणाला पटवावे लागले नाही.

इंटेलच्या २००६ च्या कोअर मालिकेतला डिजिटल सेन्सर याच विचारातला आहे. तो तापमान सांगतच नाही. कमाल मर्यादा अजून किती अंश दूर आहे, तेवढेच सांगतो. मर्यादेतून ते अंतर वजा करायचे काम सॉफ्टवेअरचे. डेस्कटॉप प्रोसेसरांची ती मर्यादा इंटेलने सुरुवातीला जाहीरच केली नव्हती, म्हणून प्रत्येक सॉफ्टवेअर आपापला अंदाज धरी आणि एकाच प्रोसेसरचे आकडे दहा-पंधरा अंशांनी वेगळे येत. शिवाय हे सेन्सर मर्यादेजवळ नेमके असतात, संगणक निवांत असताना मात्र भरवशाचे नसतात. हवेच्या कूलरवर खोलीपेक्षा थंड प्रोसेसर दिसला, तर तो सेन्सरचाच दोष. एएमडीने तर आपला आकडा पंख्याच्या नियंत्रणासाठी ठरवलेल्या काल्पनिक मापावरचा असल्याचे दस्तऐवजांतच लिहून ठेवले. २०१७ च्या रायझन १७००एक्स आणि १८००एक्समध्ये त्यात मुद्दाम २० अंश मिळवलेले होते, म्हणजे मालिकेतल्या सगळ्या प्रोसेसरांवर पंखे एकाच धोरणाने फिरावेत. निवांत संगणकावर ५५ अंश पाहून कूलर बदलणाऱ्यांचा पैसा तिथे वाया गेला.

मग आकडा निरुपयोगीच का? मुळीच नाही. त्याची उंची फसवी असू शकते, चाल सहसा फसवत नाही. पूर्ण भार टाकताच दोन-चार सेकंदांत आकडा मर्यादेला भिडला, तर उष्णता प्रोसेसरवरून नीट हलतच नाही: तळाला चिकटवलेला पारदर्शक प्लॅस्टिकचा पापुद्रा काढायचा राहिला, एका कोपऱ्याचा स्क्रू ढिला राहिला, किंवा पाण्याच्या कूलरच्या पंपाची वायर जोडलेली नाही. दहा-पंधरा मिनिटे हळूहळू चढत गेला, तर कॅबिनेटमधली गरम हवा बाहेर पडत नाही. कंपन्यांनी खरे तापमान द्यावे, ही मागणी रास्त वाटते. पण चिपच्या एका कोपऱ्यात आणि दुसऱ्यात अनेक अंशांचा फरक असतो, त्यातले खरे कुठले म्हणायचे? मिळवलेले अंश आणि मर्यादा मात्र त्यांनी पहिल्या दिवसापासून उघड सांगायलाच हव्यात, याबाबत त्यांची बाजू घेता येणार नाही.

२०२२ च्या रायझन ७००० मालिकेपासून तर उंचीचा जुना ठोकताळाही मोडला. तिचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर भाराखाली ९५ अंशांपर्यंत जाऊन तिथेच राहतील, असेच बनवलेले आहेत. कूलर चांगला असेल तर अंश उतरण्याऐवजी वेग वाढतो. अशा वेळी नजर क्लॉक स्पीडवर ठेवावी. ७९५०एक्सचा मूळ वेग ४.५ गिगाहर्ट्झ आहे. सगळे कोअर कामाला लागलेले असताना ९५ अंशांवर तो त्याहून वर टिकला, तर कूलरला हात लावायचे कारण नाही. खाली घसरत राहिला, तर स्क्रू खुशाल सोडवावेत.