वाट कोणासाठी?

वाचक माउली, आपण वारकरी म्हणजे वाटेचीच माणसे. म्हणून आज वऱ्हाडातल्या एका वाटेचा इतिहास पाहू. अमरावती, बडनेरा, मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, अकोला अशी ही वाट.

1867 साली आगगाडी नागपूरपर्यंत पोचली आणि बडनेरा, मूर्तिजापूर येथून कापूस मुंबईला जाऊ लागला. पण शेतापासून स्टेशनापर्यंत बंडीच. पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतले, की कामे खोळंबली आणि आजारी माणूसही घरीच राहिला. पुढे 1943 साली देशातले मुख्य अभियंते नागपुरास जमले. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हामार्ग, गावरस्ते अशी रस्त्यांची उतरंड त्यांनी ठरविली. 1956 साली राष्ट्रीय महामार्गांचा कायदा झाला. आपली वाट महामार्ग क्रमांक 6 झाली; आज तिचा क्रमांक 53 आहे.

त्याच 1956 च्या 20 डिसेंबरला गाडगेबाबांनी देह ठेवला, तोही अमरावतीला जाताना, वलगावजवळ पेढी नदीच्या पुलावर. बाबा हाती खराटा घेऊन गावोगावचे रस्ते झाडीत. पंढरपूर, नाशिक, आळंदी येथे त्यांनी धर्मशाळा उभारल्या. वाट चालणाऱ्याला पाठ टेकायला जागा हवी, हे त्यांनी जाणले होते.

जून 2022 मध्ये याच मार्गावर, लोणी ते माना दरम्यान, 75 किलोमीटर लांबीचा एकपदरी डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत टाकला गेला. गिनीज बुकात त्याची नोंद झाली. भर उन्हाळ्यात रात्रंदिवस राबणाऱ्या मजुरांचे ते कष्ट. त्यांना नमस्कारच करावा. या रस्त्याने रुग्ण वेळेवर दवाखान्यात पोचतो, लेकरे अकोल्याच्या कृषी विद्यापीठात शिकायला जातात, लेक माहेरी येऊन संध्याकाळी सासरी परतते.

पण माउली, दुसरी बाजूही पाहा. रस्ता रुंद करताना कडेची जुनी झाडे गेली, सावली गेली. शेत पलीकडे असले, तर बैलजोडी घेऊन दुभाजक कसा ओलांडावा? गावाला वळसा पडला, की फाट्यावरची चहाची टपरी बसते. आणि पायी चालणारा? कौंडण्यपूरची रुक्मिणीमातेची आणि शेगावची गजानन महाराजांची पालखी आजही पायीच पंढरीला जाते. आळंदी व देहूहून पंढरपूरला जाणाऱ्या पालखी महामार्गांना दोन्ही कडांनी वारकऱ्यांसाठी वेगळी पायवाट आखली आहे. म्हणजे मनात आणले तर महामार्गावरही चालणाऱ्याला जागा देता येते. मग ती वऱ्हाडात का मागू नये?

मागणी तर करूच. पण आपल्या हातीही काही आहे. दिंडी अंधारात निघत असेल, तर पुढे-मागे दिवा धरावा. गावच्या फाट्यावर पाणपोई घालावी, कडुनिंब लावून जगवावा. आणि आपण स्वतः गाडीत असू, तेव्हा पताका दिसताच वेग कमी करावा. वाटेवरच्या माणसाला जपणे, हीही वारीच आहे.