ॲपच्या अपडेटचं बटण एआयच्या हाती द्यावं का? सीआय/सीडी आणि एआय सहायकांची जोडणी समजून घ्या

बुलढाणा जिल्ह्यात मोताळा तालुक्यात रोहिणखेड हे गाव आहे. कपाशी, सोयाबीन, मका ही या भागातली पिकं. इथला शेतकरी आता पिकाची नोंद मोबाईलवरून करतो. ई-पीक पाहणीच्या ॲपमध्ये शेतातूनच पिकाचा फोटो काढायचा आणि नोंद सातबाऱ्यावर चढवायची. 15 ऑगस्ट 2021 पासून ही पद्धत राज्यभर सुरू झाली. नोंदीला मुदत असते आणि नुकसानभरपाई असो की हमीभावाने खरेदी, ही नोंद कामी येते.

आता समजा, अशा एखाद्या ॲपची मुदत संपायला दोन दिवस उरलेत आणि नेमकं तेव्हाच आलेलं अपडेट बिघडलेलं निघालं. ॲप उघडतं आणि लगेच बंद पडतं. एरवी अशा वेळी माणूस वैतागतो आणि नंतर बघू म्हणतो. इथे मात्र त्याचा अख्खा हंगाम अडकू शकतो.

म्हणून प्रश्न महत्त्वाचा आहे: अपडेट तयार कुठे होतं, तपासतं कोण आणि ते सगळ्यांच्या फोनवर पाठवायचं बटण कोण दाबतं? गेल्या काही वर्षांत या कामात एआय सहायकही आले आहेत.

सीआय/सीडी म्हणजे काय?

शेतातला कापूस थेट गिरणीत जात नाही. आधी जिनिंगमध्ये सरकी वेगळी होते, मग रुईच्या गाठी बांधल्या जातात आणि त्यानंतर माल पुढे जातो. सॉफ्टवेअरचंही तसंच आहे. प्रोग्रामरने लिहिलेला कोड आधी इतरांच्या कोडमध्ये मिसळला जातो, त्याच्या चाचण्या होतात, मग त्याची 'गाठ' बांधली जाते. याला बिल्ड म्हणतात. ही बिल्ड सर्व्हरवर किंवा ॲप स्टोअरवर चढवणं म्हणजे डिप्लॉयमेंट.

ही सगळी साखळी आपोआप चालवण्याच्या पद्धतीला सीआय/सीडी म्हणतात. सीआय म्हणजे कंटिन्युअस इंटिग्रेशन, कोड सतत एकत्र करून तपासत राहणं. सीडी म्हणजे कंटिन्युअस डिलिव्हरी किंवा डिप्लॉयमेंट, तपासलेला माल सतत पुढे पाठवणं. साखळीला पाईपलाईन असं नाव आहे.

यातलं जुनं आणि प्रसिद्ध साधन म्हणजे जेनकिन्स. कोहसुके कावागुची यांनी सन मायक्रोसिस्टिम्समध्ये असताना ते 'हडसन' नावाने सुरू केलं आणि 2011 मध्ये त्याचं नाव जेनकिन्स झालं. आज गिटहब ॲक्शन्स आणि गिटलॅब ही साधनंही मोठ्या प्रमाणावर वापरली जातात.

एआय सहायक यात कुठे जोडला जातो?

जोडणीच्या ढोबळमानाने तीन पायऱ्या आहेत.

पहिली पायरी वाचण्याची. बिल्ड फसली की पाईपलाईन हजारो ओळींचा लॉग, म्हणजे कामाची नोंदवही, ओतते. त्यात चूक शोधण्यात प्रोग्रामरचा तास-तास जातो. एआय सहायक तो लॉग वाचून 'अमुक फाईलमध्ये अमुक चाचणी या कारणाने पडली' असं सांगतो. इथे तो फक्त बघतो, कशालाही हात लावत नाही.

दुसरी पायरी सुचवण्याची. सहायक चूक दुरुस्त करणारा कोड लिहितो आणि पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदलाचा प्रस्ताव, मांडतो. तो स्वीकारायचा की नाही हे माणूस ठरवतो.

तिसरी पायरी करण्याची. सहायक स्वतःच बदल मंजूर करतो आणि अपडेट लोकांपर्यंत पाठवतो. खरा वाद या पायरीवर आहे.

गिटहबने मे 2025 मध्ये कोपायलटचा कोडिंग एजंट आणला, तेव्हा दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीमध्ये मुद्दाम फाटक ठेवलं. एजंटने प्रस्ताव मांडला तरी माणसाने परवानगी दिल्याशिवाय त्यावर पाईपलाईन धावत नाही, अशी व्यवस्था केली. शिवाय ज्याने एजंटला काम सांगितलं, त्यालाच तो प्रस्ताव मंजूर करता येणार नाही, असाही नियम ठेवला.

एमसीपी आणि मुंबईचं उदाहरण

पूर्वी प्रत्येक सहायक प्रत्येक साधनाशी जोडायला वेगळी खटपट लागायची. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजेच एमसीपी, खुला केला. वेगवेगळ्या फोनना एकच चार्जर चालावा, तशी ही जोडणीची सामाईक पद्धत आहे. साधन बनवणारा एमसीपी सर्व्हर तयार करतो आणि एमसीपी समजणारा कोणताही सहायक त्याला जोडता येतो.

याचं महाराष्ट्रातलं उदाहरण म्हणजे ब्राउझरस्टॅक. रितेश अरोरा आणि नकुल अग्रवाल यांनी 2011 मध्ये मुंबईत ही कंपनी सुरू केली. वेबसाईट आणि ॲप वेगवेगळ्या ब्राउझरवर आणि खऱ्याखुऱ्या फोनवर चालवून बघण्याची सोय ती ऑनलाईन देते. 2025 मध्ये कंपनीने आपला एमसीपी सर्व्हर खुला केला. त्यामुळे 'हे ॲप अमुक मॉडेलच्या फोनवर उघडून बघ' असं प्रोग्रामरला आपल्या सहायकाला साध्या भाषेत सांगता येतं.

गावाकडच्या वापरकर्त्याला याचा थेट फायदा होऊ शकतो. ॲप बनवणाऱ्याच्या हातात नवा फोन असतो, तर वापरणाऱ्याच्या हातात बरेचदा चार-पाच वर्षं जुना आणि कमी मेमरीचा. जुन्या फोनवरची चाचणी सोपी झाली, तर ती टाळली जाण्याची शक्यता कमी होते.

धोका कुठे आहे?

पाईपलाईन चूकही तितक्याच वेगाने पसरवते. याला एआय लागतंच असं नाही. 1 ऑगस्ट 2012 रोजी अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलाली कंपनीत नवा कोड आठपैकी एका सर्व्हरवर चढवायचा राहून गेला. सुमारे 45 मिनिटांत कंपनीचं 44 कोटी डॉलरहून अधिक नुकसान झालं.

एआय आल्यावर दोन नव्या अडचणी वाढल्या.

एक, अधिकारांची. जुलै 2025 मध्ये रेप्लिट या सेवेच्या एआय एजंटने एका वापरकर्त्याचा चालू डेटाबेस पुसून टाकला. बदल करू नकोस, असं त्याला बजावलेलं होतं. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि प्रयोगाचा डेटाबेस चालू डेटाबेसपासून वेगळा करत असल्याचं जाहीर केलं. नुसतं शब्दांत बजावणं म्हणजे कुलूप लावणं नव्हे, हे यातून दिसलं.

दुसरी, फसवणुकीची. एआय सहायक मजकूर वाचून काम करतो. बाहेरच्या कुणी त्या मजकुरातच आदेश लपवला, तर सहायक तो मालकाचाच समजू शकतो. याला प्रॉम्प्ट इंजेक्शन म्हणतात. पाईपलाईनमध्ये सर्व्हरच्या किल्ल्या, म्हणजे टोकन आणि पासवर्ड, ठेवलेले असतात. त्यामुळे असा आदेश तिथे पोहोचला तर नुकसान मोठं होतं.

ऑगस्ट 2025 मध्ये एनएक्स या लोकप्रिय साधनाच्या बाबतीत पाईपलाईनमधली फट दिसली. त्याच्या गिटहब ॲक्शन्सच्या रचनेत अशी त्रुटी होती, की पुल रिक्वेस्टच्या शीर्षकात घुसवलेला आदेश पाईपलाईन चालवत असे. पुढे हल्लेखोरांनी साधनाच्या बाधित आवृत्त्या प्रसिद्ध केल्या. त्यातल्या घातक कोडने प्रोग्रामरच्या संगणकावरच्या एआय सहायकांनाच गुप्त माहिती शोधायच्या कामाला लावलं.

मग जोडणी कशी असावी?

यावरचे उपाय फार गूढ नाहीत.

• सहायकाला आधी फक्त वाचण्याचा अधिकार द्यावा. लिहिण्याचा अधिकार गरजेपुरता आणि वेगळा द्यावा.

• लोक वापरत असलेल्या सर्व्हरची किल्ली सहायकाकडे ठेवू नये. त्याचा प्रयोग वेगळ्या, बंदिस्त जागेत व्हावा.

• बाहेरून आलेला प्रत्येक मजकूर, अगदी शीर्षकसुद्धा, अविश्वासू मानावा.

• अंतिम डिप्लॉयमेंटला माणसाची मंजुरी लागावी आणि मंजुरी देणाऱ्याने बदल खरोखर वाचलेला असावा.

• अपडेट आधी थोड्या लोकांना पाठवावं. बिघडलं तर मागची आवृत्ती लगेच परत आणता यावी.

• सहायकाने केलेल्या प्रत्येक कृतीची नोंद राहावी.

या यादीतल्या बहुतेक गोष्टी एआयच्या आधीपासूनच्या आहेत. नवा कामगार हुशार आणि झपाट्याने काम करणारा असला, तरी पहिल्याच दिवशी त्याच्या हाती गोदामाची किल्ली कुणी देत नाही. इथेही तेच लागू पडतं.

एआय सहायक लॉग वाचेल, चूक शोधेल, जुन्या फोनवर चाचणी घेईल आणि अपडेट लवकर तयार होईल. पण ते बिघडलं तर रोहिणखेडच्या शेतकऱ्याला उत्तर द्यायला एखादा माणूसच लागेल. म्हणून शेवटचं बटण ज्याला जाब विचारता येतो, त्याच्याच हाती असायला हवं.