मुदत-संकेत, वेष्टनावरील

बंद वेष्टनातला माल कधी तयार झाला, कधीपर्यंत वापरायचा आणि कोणत्या खेपेतला आहे, हे सांगणारे आकडे व अक्षरे. बारामती-इंदापूरच्या भागात हे संकेत किराणा मालाइतकेच फवारणीच्या औषधांवर आणि बियाण्यांच्या पिशव्यांवरही वाचावे लागतात.

खाद्यपदार्थांच्या लेबलावर काय हवे, हे अन्न सुरक्षा व मानके कायदा, 2006 खालील विनियमांनी ठरते. 2020 च्या विनियमांनी उत्पादनाची किंवा पॅकिंगची तारीख आणि ‘एक्स्पायरी’ किंवा ‘यूज बाय’ ही अखेरची तारीख सक्तीची केली. ‘बेस्ट बिफोर’ ऐच्छिक ठेवले. हा बदल ग्राहकाच्या हिताचा झाला, कारण पूर्वी ‘पॅकिंगपासून सहा महिने’ एवढेच छापून हिशेब गिऱ्हाइकावर सोपवलेला असे. ‘यूज बाय’ उलटलेला माल विकता येत नाही. ‘बेस्ट बिफोर’ उलटले की चव व कुरकुरीतपणाची हमी संपते, पदार्थ त्याच दिवशी अपायकारक होत नाही. तीन महिन्यांपर्यंत टिकणाऱ्या मालावर दिवस, महिना, वर्ष छापतात. जास्त टिकणाऱ्यावर महिना व वर्ष पुरते.

तारखेशेजारचा बॅच किंवा लॉट क्रमांक कारखान्याच्या हिशेबासाठी असतो. तो कसा रचायचा हे प्रत्येक कारखाना स्वतः ठरवतो, त्यामुळे सर्वांना लागू पडणारी किल्ली नाही. कारखाना, यंत्र, पाळी यांची अक्षरे त्यात असू शकतात. काही जण वर्षाचा शेवटचा अंक आणि वर्षातला कितवा दिवस एवढेच लिहितात: 5032 म्हणजे 2025 सालचा बत्तिसावा दिवस, 1 फेब्रुवारी. असा आकडा मुदतीचा समजू नये. बहुधा तो माल तयार झाल्याचा दिवस असतो. बारामतीच्या औद्योगिक वसाहतीतील श्रायबर डायनॅमिक्ससारख्या मोठ्या डेअऱ्यांत एकाच दिवशी अनेक प्रकारचा माल निघतो. एखाद्या खेपेत दोष सापडला, तर तेवढीच परत बोलावता येते ती याच क्रमांकामुळे.

छापलेली मुदत साठवणीच्या अटीला बांधलेली असते. पिशवीतले दूध थंड ठेवायचे असते. उन्हाळ्यात चाळिशी पार करणाऱ्या या पर्जन्यछायेच्या भागात दुकानाबाहेर क्रेटमध्ये राहिलेली पिशवी तारखेआधीच नासते. उलट उच्च तापमानावर निर्जंतुक करून अनेक थरांच्या खोक्यात भरलेले दूध बंद असेपर्यंत फ्रिजबाहेर महिनोन्‌महिने टिकते. मात्र खोके फोडले की वरची तारीख उपयोगाची नाही. पुढे किती दिवसांत संपवायचे, ते बाजूला लिहिलेले असते.

शेतकऱ्यासाठी संकेत न वाचण्याची किंमत सर्वांत मोठी, आणि त्याकडेच सर्वांत कमी लक्ष जाते. कीटकनाशकाच्या लेबलावर कीटकनाशक नियम, 1971 प्रमाणे बॅच क्रमांक, उत्पादनाची तारीख आणि मुदत असते. लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा रंग विषारीपणाची पातळी दाखवतो, त्याचा मुदतीशी संबंध नाही. जुन्या औषधाचा गुण कमी होतो. द्राक्ष-डाळिंबाच्या बागेत अशी एक फवारणी वाया गेली की औषधाचे पैसे बुडतात आणि रोग आवरण्याचे मोलाचे दिवसही हातून जातात. बियाण्याच्या पिशवीवर उगवण तपासणीची तारीख पाहावी. प्रमाणित बियाण्याचा निळा टॅग तपासणीपासून प्रथम नऊ महिने वैध असतो. फेरतपासणीनंतर मुदत वाढते. म्हणून कृषी सेवा केंद्रातून पक्की पावती घ्यावी, तिच्यावर लॉट क्रमांक व मुदत लिहून घ्यावी, आणि पावती, पिशवी, टॅग व मूठभर बियाणे पीक निघेपर्यंत जपावे. उगवण झाली नाही, तर तक्रार उभी राहते ती यांच्याच आधारावर.

माणसांच्या औषधांवर फक्त महिना व वर्ष असेल, तर त्या महिन्याच्या अखेरच्या दिवसापर्यंत मुदत धरतात. गोळ्यांची पट्टी कापताना बॅच आणि तारीख असलेला भाग शेवटपर्यंत राखावा. ऑगस्ट 2023 पासून खपाच्या 300 औषध-नाममुद्रांवर क्यूआर कोड बंधनकारक असून बॅच व मुदत त्यातही मिळते.

तारीख खरवडलेली, पुसलेली किंवा चिकटपट्टीखाली दडवलेली दिसली, तर माल घेऊ नये. खाद्यपदार्थ व औषधांबाबत अन्न व औषध प्रशासनाकडे, शेतीच्या निविष्ठांबाबत तालुका कृषी अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. तक्रारीपूर्वी वेष्टनाचे छायाचित्र काढावे, त्यात बॅच क्रमांक स्पष्ट दिसला पाहिजे.